तारेत अडकलेला होकार

माघ महिन्यात शिवांजलीला पाहण्यासाठी फलटणहून पाहुणे यावयाचे निश्चित झाले, तेव्हा तिचे वडील, निवृत्त सुभेदार दादासो, यांनी पत्नीस निक्षून बजावले.

"ह्ये बघ, माज्या तोंडातल्या तारांचा पाव्हण्यांम्होरं चकार शब्द काडायचा न्हाई. लेकीच्या लग्नात बापच नटाय लागलाय म्हणत्याल."

"नटाय काय झालं? दात ऱ्हावं म्हणूनच बांधल्यात न्हवं?" बनुबाई तळहातावर मिसरी घेत म्हणाल्या.

वस्तुस्थिती तीच होती. दादासोंच्या हिरड्यांना रोगाने ग्रासले होते आणि पुढचे दात फाकून डुलू लागले होते. सांगलीच्या दंतवैद्यांनी प्रथम त्यांची मिसरी सोडविली, हिरड्या आतून स्वच्छ करून बऱ्या केल्या आणि त्यानंतरच, सन शहाण्णवच्या दिवाळीनंतर, वरखाली हलक्या तारा बसविल्या. "चिकट पदार्थ वर्ज्य. ओढ बसली तर तार दाताला घेऊनच निघेल," अशी त्यांची ताकीद होती. तेव्हापासून दादासोंनी हसणे सोडून दिले होते.

पाहुणे आले. मुलामुलीची परस्परांस पसंती त्यांच्या डोळ्यांतच दिसून आली. वरपिता जोतिबा मात्र कमालीचे गंभीर होते. पोहे त्यांनी नुसते चिवडले आणि बोलताना उपरणे तोंडाशी धरले. स्थळ हातचे जाते की काय, या विचाराने दादासोंचा जीव टांगणीला लागला.

सायंकाळी सारी मंडळी दादासोंच्या गुऱ्हाळावर आली. गुळव्याने उसाच्या कांड्यांवर ऊन ऊन, तार सुटणारा गूळ आणून दिला.

"आमच्यात रीत हाय," जोतिबा म्हणाले. "दोनी बापांनी संगट तोंड गोड करायचं, आन् मुलीच्या बापानं तोंडानं हो म्हणायचं. मग सोयरीक पक्की. घ्या!"

नकार द्यावा तर सोयरीक मोडते, गूळ घ्यावा तर दात जातात. दादासोंनी लेकीचे स्मरण करून घास घेतला. जोतिबांनीही, का कोण जाणे, डोळे मिटूनच घेतला.

"मग? पसंत हाय न्हवं?" जोतिबांनी विचारले.

"म्म्," दादासो उद्गारले. गुळाने वरच्या व खालच्या तारा एकजीव केल्या होत्या. जबडा उघडावा, तर दात गुळासह बाहेर येण्याचे भय होते.

"म्म् म्हंजी?"

"आवं, त्यास्नी आनंद झालाय," बनुबाई घाईने म्हणाल्या. "आनंद झाला की त्यास्नी बोलवत न्हाई."

आपली अडचण कळावी, या शुद्ध हेतूने दादासोंनी ओठांवर बोट ठेवले. जोतिबांना ती आज्ञा वाटली.

"मला गप ऱ्हा म्हणताय? आमी वरबाप हाय! चला, उठा समदी! असली सोयरीक आमाला—"

वाक्य तेथेच तुटले. जोतिबांनी हात तोंडाशी नेला. हातात गुळाचा गोळा आला आणि त्या गोळ्यात त्यांची वरची संपूर्ण कवळी हसत बसली होती.

बनुबाईंनी गरम पाण्याचे दोन तांबे आणले. एकात जोतिबांनी कवळी बुडविली. दुसऱ्याने दादासोंनी चूळ भरली, भरली, आणि शेवटी एकदाचा जबडा सुटला.

"पसंत हाय!" ते ओरडले. "पाव्हणं, लय पसंत हाय!"

जोतिबांचे लक्ष मात्र तारांकडे होते. "ह्ये काय म्हणायचं?"

दादासोंनी मान खाली घालून सर्व हकिकत सांगितली. जोतिबांनी तांब्यातल्या कवळीकडे बोट दाखविले.

"माजं दात बी असंच हलत व्हतं," ते बोबड्या स्वरात म्हणाले. "म्या घाई केली. समदं उपटून टाकलं. सकाळधरनं जीव मुठीत धरून बसलोय, तुमच्या म्होरं कवळी पडंल म्हणून."

"आन् मला वाटलं, तुमाला पोरगी पसंत न्हाई!"

साखरपुड्याला शिराच करायचा, हे तेथेच ठरले.

बनुबाईंनी जोतिबांच्या बोडक्या हिरडीकडे एकवार पाहिले, कनवटीची मिसरीची डबी काढली आणि गुऱ्हाळाच्या पेटत्या चुलाणात टाकली. आपण वर्षभर विनवूनही जे घडले नव्हते, ते घडलेले पाहून दादासोंना हसू फुटले. सवयीने त्यांचा हात तोंडाकडे गेला.

जोतिबांनी तो धरला.

"हसा, पाव्हणं. तुमचं अजून तुमच्याच तोंडात हाईत."