शिवकन्येची घट

वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत न्हाई! हे मी छाती फुगवून सांगतो. लातूरच्या आडत बाजारात मी मापाडी आहे. एकोणीस वर्षं झाली काट्याशेजारी उभं राहून. पोतं काट्यावर चढायच्या आधी मी नुसतं बघतो अन् सांगतो, "एकसष्ट किलो दोनशे." हमाल हसतात. मग काटा तेवढंच दाखवतो अन् हमाल गप होतात.

तर असा मी, विरूपाक्ष. अन् माझी एकुलती एक लेक शिवकन्या, वय साडेचार.

जूनमध्ये तिला शाळेत घातलं. छोट्या गटात. पहिल्या दिवशी तिला नवाकोरा गणवेश, बूट, रेनकोट, पाठीवर दप्तर, गळ्यात काठोकाठ भरलेली पाण्याची बाटली, असं सगळं चढवून मी स्कूटरवर बसवली. शाळेच्या आधी बाजारात नेली. म्हटलं, लेक विद्येच्या वाटेला लागून राहिली, नोंद करून ठेवू! उचलली अन् ठेवली काट्यावर. एकोणीस किलो चारशे!

"अप्पा, लेक वजनदार हाय तुमची!" शेषेराव म्हणाला. हा आमच्या गाळ्यावरचा सगळ्यात जुना हमाल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी खडूनं भिंतीवर तारीख अन् वजन लिहिलं. शिवकन्येनं काट्यावरूनच सगळ्यांना टाटा केला.

आता मजा ऐका. शाळेच्या आधी ही पोरगी जेवायला बसली की भाकरीचा टोपला आपल्याकडं ओढून घ्यायची. धपाटं, वरण, चुरमुऱ्यांचा सुशीला, काही पुढं ठेवा, साफ! अन् शाळा सुरू होऊन आठ दिवस झाले न्हाईत तर घरचं जेवण बंद! ताट पुढं आलं की तोंड फिरवायची.

"पोट भरलंय."

"अगं, कशानं भरलंय?" उमादेवी, म्हणजे आमची बायको, विचारायची.

"पोटानं."

एवढं बोलून पोरगी अंगणात पसार!

डबा मात्र रोज रिकामा यायचा. असा रिकामा, की घासायचीसुद्धा गरज न्हाई! महिना गेला. एक दिवस उमा म्हणाली, "अहो, हिचे गाल बसले. हात बघा, नुसत्या शेवग्याच्या शेंगा!"

"गप गं. मला बघून कळत न्हाई का? आहे तेवढीच हाय ती!" मी म्हणालो. पण मनात पाल चुकचुकली. रविवारी बाजार बंद, पण गाळ्याची चावी माझ्याकडं. आंघोळ झाल्या झाल्या साध्या फ्रॉकवर, अनवाणी पोरगी नेली अन् काट्यावर उभी केली.

पंधरा किलो नऊशे!

मी काटा पुसला. शून्य करून बघितला. माझ्या स्वतःच्या अंगाचं वजन करून बघितलं. काटा बरोबर होता. भिंतीवर एकोणीस चारशे, काट्यावर पंधरा नऊशे. महिन्यात साडेतीन किलो घट! अहो, पावसात भिजलेलं सोयाबीन आठ दिवस उन्हात टाकलं तरी एवढी घट येत न्हाई!

घरी येऊन उमाला सांगितलं. हीच चूक झाली. उमानं उदगीरला आईला फोन लावला. अन् दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आमच्या सासूबाई, बसम्मा, एका हातात छत्री अन् दुसऱ्या हातात लाडवांचा डबा घेऊन दारात हजर!

"शरणु शरणार्थी," मी वाकून म्हणालो.

"ते राहू द्या. कूसू कुठाय?" उदगीरकडं लेकराला कूसू म्हणतात. कूसू समोर आलं. बसम्मानं तिचे दंड चाचपले, बरगड्या मोजल्या अन् कपाळाला हात लावला.

"अय्यय्यो! जावयबापू, लेकराला शाळेत घातलं की उपासाला बसवलं?"

"आई, तसं न्हाई..."

"काही सांगू नका. शाळेतनं नाव काढा. एक वर्ष उदगीरला माझ्यापाशी राहील. चांगली गुबगुबीत करून परत देते!"

हे ऐकून शिवकन्या दप्तराला मिठी मारून जी रडायला लागली, की शेजारची महादेवीकाकू खिडकीत आली. उमाचेही डोळे भरले. अन् माझं म्हणाल तर, संध्याकाळी घरी आल्यावर पोरगी अंगावर उडी मारणार न्हाई, या विचारानंच मी पटकन दाराकडं तोंड फिरवलं. पण गडी माणूस रडतो कसा? त्यामुळं मी फुशारकी मारली.

"आई, आठ दिवस द्या. एक किलो वाढवून दाखवतो. न्हाई वाढलं तर खुशाल घेऊन जा!"

मग सुरू झाली मोहीम! एका खणाचा डबा गेला, चार पुडाचा आला. एका पुडात तूप लावलेली चपाती, दुसऱ्या पुडात उसळ, तिसऱ्या पुडात शिरा, अन् वरच्या पुडात बसम्माचे शेंगदाणे-गुळाचे पाच लाडू. लिंबाएवढे न्हाई, मोसंबीएवढे! डबा पेलेना म्हणून पोरगी एका बाजूला कलून चालायला लागली. घरी तर विचारूच नका. ती जेवायला बसली की तिच्यासमोर आम्ही तिघं. उमा घास करायची, बसम्मा "आ कर, आ कर" म्हणत स्वतःच आ करायची, अन् मी प्रत्येक घासाला वजन वाढलं का ते डोळ्यांनी तोलायचो. पोरगी दोन घास खाऊन पळायची.

डब्याची मात्र चारी पुडं रिकामी!

रोज शाळेतनं आणताना काट्यावर. बूट काढून, दप्तर काढून, आता कुठलीही कसर न्हाई. सोळा. पंधरा नऊशे. सोळा. शेषेराव आता टाळ्या वाजवत नव्हता. "अप्पा, दवाखान्यात दाखवा," म्हणाला हळूच.

सातव्या दिवशी मी पोरीला मांडीवर घेतलं.

"खरं सांग, डबा कोण खातं?"

"मी."

"सगळा?"

"हाव."

"अन् लाडू?"

"लाडू मॅडम घेतात."

बसम्मा सावकाश उठली. छत्री घेतली.

"आठवा दिवस उद्या हाय ना, जावयबापू? चला. त्या मास्तरीणबाईला उद्या बघते!"

दुसऱ्या दिवशी डब्याच्या सुट्टीला आम्ही दोघं शाळेच्या मागच्या खिडकीखाली. बसम्मा एका विटेवर उभी, मी तिला धरून. आत मुलं गोल करून बसलेली. मधोमध आरती मॅडम. त्यांनी शिवकन्येचा डबा उघडला, वरचं पूड घेतलं, चार लाडू उचलले अन् सरळ कपाटात!

"चोर!" बसम्मा एवढ्या जोरात ओरडली की पायाखालची वीट सरकली. ती माझ्यावर, मी चिखलात! आतली सगळी मुलं खिडकीला. "शिवकन्याची आजी पडली! शिवकन्याचे पप्पा पण पडले!" अन् शिवकन्या गजांमधनं तोंड काढून, अगदी नाराजीनं म्हणाली, "पप्पा, तुमी कशाला आले?"

मॅडमनं आम्हाला आत बसवलं. टॉवेल दिला. मग कपाट उघडलं. आत स्टीलचा मोठा डबा, लाडवांनी गच्च!

"बरं झालं आलात. एवढ्या लहान लेकराला रोज पाच लाडू? मी तिला एक देते, बाकीचे ठेवते. 'एकच द्या आणि साठलेले घेऊन जा' असं रोज डायरीत लिहून पाठवते. तुम्ही वाचत नाही का?"

डायरी! उमाला वाटायचं मी वाचतो. मला वाटायचं उमा वाचते.

"पण मॅडम, तरी पोरगी वाळून राहिली!" मी म्हणालो.

"कोण, शिवकन्या?" मॅडम हसायलाच लागल्या. "अहो, आमच्याकडं रोज अंगतपंगत असते. ती आपला डबा चौघींत वाटते, अन् मग वर्गात सत्तावीस डबे, प्रत्येकातला एक म्हणून सत्तावीस घास! घरी जाऊन काय जेवणार ती?" त्यांनी रजिस्टर काढलं. "हे बघा, पहिल्या आठवड्यात नर्सबाईंनी वजन केलं. पंधरा चारशे. परवा केलं, सोळा शंभर. सातशे ग्रॅम वाढलंय. उंचीही वाढली, म्हणून बारीक दिसते."

"अशक्य!" मी उठून उभा राहिलो. "पहिल्या दिवशी मी स्वतः वजन केलंय. एकोणीस चारशे! वजनाच्या बाबतीत मला..."

"काय घालून केलं होतं?" मॅडमनं विचारलं.

"सगळं! गणवेश, रेनकोट, बूट, दप्तर, पाण्याची भरलेली बाट..."

बसम्मानं माझ्याकडं बघितलं. आमचे सासरे चंद्रप्पा उदगीरचे जुने आडते. बाईचा सगळा संसार पोत्यांत गेलेला.

"जावयबापू," ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बारदाना वजा केला नव्हता?"

एकोणीस वर्षं! रिकाम्या पोत्याचं वजन, म्हणजे बारदाना, वजा केल्याशिवाय मी कुठल्या शेतकऱ्याचा माल मोजला न्हाई. अन् पोटच्या पोरीला बारदान्यासकट तोललं!

बसम्मा मॅडमची माफी मागायला लागली. मॅडमनं लाडवांचा डबा परत दिला, त्यातला एक लाडू स्वतःसाठी मागून घेतला. नाव काढायचा विषय तिथंच मिटला. शिवकन्येला कळलं तेव्हा तिनं आजीला एवढं घट्ट धरलं की आजीला पुन्हा पडायची भीती वाटली.

येताना स्कूटरवर मी पोरीला विचारलं, "शाळेत सगळं खातेस, मग घरी का गं खात न्हाईस?"

ती विचार करून म्हणाली, "शाळेत मी खाताना कुणी बघत न्हाई. घरी तुमी सगळे लई बघता."

घरी येऊन उमाला सांगितलं. आम्ही तिघांनी ठरवलं, आजपासून बघायचं न्हाई. रात्री पोरीपुढं ताट ठेवलं अन् आम्ही तिघं भिंतीकडं तोंड करून मांडी घालून बसलो. मागनं कुरुमकुरुम चावल्याचा आवाज आला. चटणी-भाकरी! बसम्माची मान हळूच वळायला लागली, मी तिला कोपर मारलं. माझी वळायला लागली, उमानं मला मारलं.

तेवढ्यात महादेवीकाकू विरजण मागायला आली. दारातच थबकली. मधोमध पोरगी आरामात जेवून राहिलेली, अन् घरातली तीन मोठी माणसं ओळीनं भिंतीकडं तोंड करून!

"अगंबाई! काय झालं? भांडलात का?"

"हळू बोला काकू," मी भिंतीलाच सांगितलं, "दुसरी भाकरी चालू हाय!"