नगसाहेबांचा ट्रस्ट

नगसाहेब खरं म्हणजे साहेब कधीच नव्हते. पंप तयार करणाऱ्या एका कारखान्यात ते चौतीस वर्षं स्टोअरकीपर होते. खिडकीशी कोणीही काहीही मागायला आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "नग किती?" त्यावरून कामगारांनी हे नाव पाडलं. पुढचं 'साहेब' प्रेमाने लावलं की वैतागून, याची त्यांनी कधी चौकशी केली नाही. (केली असती तर उत्तर लेखी घ्यावं लागलं असतं.) चिठ्ठीवर दोन सह्या नाहीत म्हणून त्यांनी एकदा खुद्द मालकाला एका बोल्टसाठी परत पाठवलं होतं. ही गोष्ट ते निवृत्तीनंतरही आल्यागेल्याला ऐकवत, आणि शेवटचं वाक्य बायको स्वयंपाकघरातूनच म्हणून टाकत असे.

असा माणूस ट्रस्टच्या भानगडीत पडला तो एका घड्याळापायी.

घड्याळ वडिलांचं. लाकडी पेटीचं, लंबकाचं, आठवड्यातून एकदा चावी मागणारं. वडील थोरल्या भावाकडे राहायचे, त्यामुळे ते गेले तेव्हा घड्याळही तिथल्याच भिंतीवर होतं. थोरला म्हणाला, मी थोरला, घड्याळ माझं. नगसाहेब म्हणाले, वडिलांनी ते मला द्यायचं कबूल केलं होतं. शब्दाने शब्द वाढला. शेवटी एका दुपारी भाऊ कामावर गेलेला असताना नगसाहेबांनी घड्याळ चादरीत गुंडाळलं आणि बसमधून मांडीवर घेऊन घरी आणलं. त्याला एकोणीस वर्षं झाली. भाऊ सहा स्टॉपवर राहत होता, पण या एकोणीस वर्षांत दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. घड्याळ बैठकीच्या खोलीत चार वाजून दहा मिनिटं दाखवत मुकाट्याने लटकत होतं. कोणी विचारलं तर नगसाहेब म्हणायचे, "मशीन गेलंय त्याचं."

तर एका रविवारी सकाळी नगसाहेब आंघोळ करत होते. लेक आणि धाकटा मुलगा, दोघंही आलेली होती. लेक इस्पितळात सिस्टर. तिच्या एका नजरेने रुग्ण तर रुग्ण, डॉक्टरही औषध घेतील. धाकटा कॉम्प्युटर दुरुस्त करतो आणि जगातल्या सगळ्या प्रश्नांवर एकच उपाय सांगतो, बंद करून चालू करा. बाहेर दोघांचे आवाज चढले. पाण्याच्या आवाजात नीटसं कळेना, पण 'घड्याळ' हा शब्द पाच वेळा आला. (नगसाहेबांनी मोजला.) "मी मोठी आहे, मी सांगते तसंच होणार," हे लेकीचं. "मोठी आहेस म्हणून काय झालं?" हे धाकट्याचं. नगसाहेब डोळ्यांत साबण घेऊन तसेच उभे राहिले. हीच वाक्यं, अगदी याच क्रमाने, त्यांनी आणि थोरल्याने म्हटली होती. ते बाहेर येताच दोघंही गप्प झाली. आपण डोळे मिटले की या दोघांचंही आपल्यासारखंच होणार, एवढं एकच त्यांना दिसू लागलं.

दुसऱ्या दिवशी ते वकीलबाईंकडे गेले.

वकीलबाईंनी शांतपणे समजावलं. घरदार ट्रस्टमध्ये ठेवायचं, विश्वस्तांनी ते सांभाळायचं, लाभार्थ्यांनी त्याचा उपभोग घ्यायचा. मग माझं-तुझं करायला जागाच उरत नाही. नगसाहेबांना ब्रह्मानंद झाला. म्हणजे हे स्टोअरच की! बायको, लेक आणि धाकटा, तिघंही विश्वस्त आणि तिघंही लाभार्थी, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं. वकीलबाईंनी आणखी दोन गोष्टी विचारल्या. ट्रस्ट पुढे मोडता येईल असा करायचा, की न मोडता येणारा? मोडणारा माल आपण जन्मात आत घेतला नाही, असं नगसाहेबांनी सांगितलं. मग बाईंनी विचारलं, लाभार्थ्यांत तुमचं नाव कुठे घालू? नगसाहेब हसले. स्टोअरकीपरने स्वतःच्या नावावर माल काढायचा नाही, हा त्यांचा पहिल्या दिवसापासूनचा नियम होता. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुन्हा तेच विचारलं. नगसाहेबांनी पुन्हा तोच नियम सांगितला. काका, एकदा घरी विचारून या, असंही बाई म्हणाल्या, पण घरी विचारायची नगसाहेबांना सवय नव्हती.

सोबत वस्तूंची यादी जोडायची होती. घर, दागिने, असलंच तर एखादं मोलाचं सामान, एवढंच बाईंना अपेक्षित होतं. नगसाहेबांच्या कानावर मात्र 'यादी' हा शब्द पडला आणि त्यांच्या अंगात चौतीस वर्षं संचारली. अकरा दिवस घरात मोजणी चालली. प्रत्येक वस्तूला दोऱ्याने पुठ्ठ्याचा बिल्ला बांधला गेला. चमचे तेवीस, पैकी एक वाकडा. उशा सहा. बायकोच्या कपाटात ते दोन तास होते, आणि तिथून बाहेर आल्यावर त्यांच्याशी दोन दिवस कोणी बोललं नाही. दाराशी टेकवलेली छत्रीही त्यांनी नोंदवली. ती शेजाऱ्यांची होती, पण मोजणीच्या दिवशी जो माल आवारात, तो आपला. स्वतःचा चष्मा आणि रुमालही त्यांनी सोडले नाहीत. असे एकूण चारशे अकरा नग झाले.

वर त्यांनी एकोणीस नियम लिहून नेले. बाईंनी हातापाया पडून ते सातावर आणले. त्यातला एक असा, की घरातली कोणतीही वस्तू दोन विश्वस्तांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय उंबऱ्याबाहेर जाणार नाही. आणि सहावा, की अपुरा संच ठेवून घ्यायचा नाही. ज्या वस्तूचा एखादा भाग दुसरीकडे असेल, ती तिथे नेऊन संच पुरा करायचा.

यादीत ते फक्त एकाच ठिकाणी अडले. नग क्रमांक दोनशे अठ्ठ्याऐंशी, भिंतीवरचं घड्याळ. स्थितीच्या रकान्यात 'बंद' लिहून झालं, आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी पेन थांबलं. त्या दुपारी चादरीत घड्याळ गुंडाळताना त्याची चावी तिकडेच राहिली होती, हे त्यांनी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मशीन चांगलं होतं. चावी मागायला जावं लागलं असतं, एवढाच काय तो बिघाड. अर्धा तास ते पेन धरून बसले. बायकोशी ते खोटं बोलले होते, मुलांशी बोलले होते, पण स्टॉक रजिस्टरमध्ये खोटं लिहिणं त्यांच्या हाताला जमेना. शेवटी त्यांनी लिहिलं, 'चावी थोरल्या भावाकडे.' तसंही चौतीस वर्षांत शेऱ्याचा रकाना कोणी वाचलेला त्यांना आठवत नव्हता.

सह्या झाल्या, नोंदणी झाली. लेकीने ड्यूटीवर जाता जाता सही केली, धाकट्याने मांडीवर कागद ठेवून केली. बायकोने तेवढं विचारलं, यात काही भानगड नाही ना? नगसाहेबांनी छातीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर घेऊन आरामखुर्चीत बसायला गेले. बायकोने रात्रीच सगळे कागद वाचून काढले होते.

"ही खुर्ची नग छप्पन्न," ती म्हणाली. "लाभार्थ्यांत तुमचं नाव कुठे आहे, ते जरा दाखवा मला."

नगसाहेबांनी पानं उलटली. मग पुन्हा पहिल्यापासून उलटली. नाव फक्त पहिल्या पानावर होतं, देणारा म्हणून. घर देऊन टाकलं होतं, खुर्ची देऊन टाकली होती, आणि डोळ्यांवर ज्यातून हे वाचत होते तो चष्माही नग तीनशे एक होता. बायकोने त्यांना बसू दिलं, पण उपकार केल्यासारखं. नियम म्हणजे नियम, म्हणून ते सामान आणायला निघाले तेव्हा त्यांनी चष्म्याची चिठ्ठी केली. त्यावर बायकोची सही मिळाली, पण दुसऱ्या सहीचे दोन्ही धनी कामावर होते. ते बिनचष्म्याचे गेले आणि दातांच्या पेस्टऐवजी बुटांचं पॉलिश घेऊन आले. (हे नशिबाने घासायच्या आधी कळलं.)

संध्याकाळी शेजारी छत्री मागायला आले. नगसाहेबांनी दोन सह्या मागितल्या. शेजारी म्हणाले, छत्री माझी आहे. नगसाहेब म्हणाले, होती. शेजारी भिजत गेले आणि जाताना जिन्यात जे बोलले ते सगळ्या इमारतीने ऐकलं. तेव्हा बायकोने मुलांना फोन करून सांगितलं, रविवारी विश्वस्तांची सभा आहे, दोघांनीही या.

सभेत लेक अध्यक्ष झाली, कोणी न निवडताच. छत्री एका मिनिटात परत गेली. नगसाहेबांना स्टुलावर बसवलं होतं, मतदानाचा हक्क नसलेले म्हणून. लेक यादी वाचू लागली आणि दोनशे अठ्ठ्याऐंशीपाशी थांबली. तिने तो शेरा दोनदा वाचला, एकदा मनात आणि एकदा मोठ्याने.

"बाबा," ती म्हणाली, "मशीन गेलंय म्हणाला होतात ना?"

नगसाहेबांनी बायकोकडे पाहिलं. तिकडे आधार दिसेना. मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. चादर, बस, राहिलेली चावी, आणि त्या रविवारी आंघोळ करताना ऐकलेलं दोघांचं भांडण. तुमचंही आमच्यासारखं होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप केला, असं ते म्हणाले.

बहीणभावांनी एकमेकांकडे पाहिलं. घड्याळावरून भांडण झालं होतं हे खरं. पण लेकीचं म्हणणं होतं, पुढेमागे ते धाकट्याने न्यावं, माझ्या घरात असल्या धुडाला जागा नाही. आणि धाकट्याचं म्हणणं, ताईच मोठी, तीच नेईल, मला तो जन्मभराचा चार-दहा नको. वडिलांना वाईट वाटेल म्हणून ते बाहेर येताच दोघं गप्प बसली होती. नगसाहेबांना हायसंही वाटलं आणि वडिलांच्या घड्याळाला कोणी विचारत नाही म्हणून रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे ते नुसतेच बसून राहिले.

लेकीने सहावा नियम वाचून दाखवला. अपुरा संच ठेवून घ्यायचा नाही. ठराव एकमताने झाला. घड्याळ देणाऱ्याने, म्हणजे नगसाहेबांनी, स्वतः तिकडे नेऊन संच पुरा करावा. जन्मापासून पहिल्यांदाच त्या दोघांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ट्रस्ट याचसाठी केला होता हे नगसाहेबांना नाकारता येईना.

तेव्हाची चादर नग सत्त्याण्णव होती. तिची वेगळी चिठ्ठी झाली. बसमध्ये घड्याळ मांडीवर घेऊन बसल्यावर त्यांनी दोनदा पुढच्याच स्टॉपवर उतरून परत फिरायचा विचार केला. पण चिठ्ठीवर थोरल्याची पोचेची सही नसताना माल परत आत घेणार कोण?

दार थोरल्यानेच उघडलं. तो पार वाळला होता आणि त्याचे केस गेले होते. नगसाहेबांनी काय बोलायचं ते वाटेत घोकून ठेवलं होतं, ते एका क्षणात पुसलं गेलं. हात आपोआप खिशात गेला आणि त्यांनी चिठ्ठी पुढे केली. "इथे सही लागेल," ते म्हणाले.

थोरल्याने चिठ्ठी सावकाश वाचली. मग तो आत वळला. समोरच्या भिंतीवर घड्याळाचा जुना खिळा तसाच होता आणि त्याला चावी अडकवलेली होती.

"मागायला आला असतास तर दिली असती," तो म्हणाला.

"तू घड्याळ मागायला यायचंस."

"मी थोरला. मी कसा येणार?"

"आणि मी धाकटा. मी कसा येणार?"

एवढं म्हणून होतंय तोच नगसाहेबांना रडू कोसळलं आणि रुमाल तर नग तीनशे चाळीस, त्याची चिठ्ठीच केलेली नव्हती. थोरल्याने स्वतःचा दिला. तो देतानाही "परत कर" म्हणाला, त्यावरून वळण एकाच घरचं हे लक्षात यावं.

घड्याळ खिळ्यावर चढलं. थोरल्याने चावी दिली, लंबक हलवला आणि एकोणीस वर्षांचं तुंबलेलं ते घड्याळ ठण ठण वाजत सुटलं. अठरा ठोके झाले तेव्हा वहिनी आतून आल्या. एकोणीस वर्षं मी सुखाने झोपतेय, हे पुन्हा माझ्या घरात नको, असं त्यांनी हसत हसत पण ठामपणे सांगितलं. तेव्हा तोड निघाली. घड्याळ नगसाहेबांच्या घरी राहील. चावी मात्र थोरल्याकडेच राहील, आणि दर रविवारी येऊन तो स्वतः ती देईल. सहाव्या नियमात हे बसतं का, हा विचार नगसाहेबांच्या मनात आला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तो तोंडावर आणला नाही.

पुढच्या रविवारी थोरला आला. विश्वस्तांनी त्याला नग छप्पन्नमध्ये बसवलं आणि नगसाहेबांना स्टूल दिलं. चावी देऊन झाल्यावर त्याने यादी मागितली आणि चहा पिता पिता ती शेवटपर्यंत वाचली.

"चारशे अकरा वस्तू लिहिल्यास," तो म्हणाला. "पण तू यात कुठेच नाहीस. ना घेणाऱ्यांत, ना वस्तूंत. तुला घरात ठेवलंय तरी कशाखाली?"

प्रश्न रास्त होता. बायकोने लेकीकडे पाहिलं, लेकीने पेन काढलं. ती नगसाहेबांकडे पाठ करून लिहीत होती, बाकीचे दोन विश्वस्त मध्येमध्ये वाकून काहीतरी सुचवत होते आणि थोरला मान डोलवत होता. मग तिघांनी सह्या केल्या. नगसाहेबांनीही पेनसाठी हात पुढे केला, पण देणाऱ्याची सही लागत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यांनी नग तीनशे एक डोळ्यांवर चढवला आणि वाचलं:

क्रमांक चारशे बारा. वस्तू: नवरा, तोच बाबाही. नग: एक. स्थिती: अधूनमधून बंद. शेरा: चावी थोरल्या भावाकडे.