सासऱ्यांची टर्की आणि माझा जबडा

हरणाच्या मांसाच्या त्या सुकवलेल्या पट्टीला मी नको म्हणायला हवं होतं. पण लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर माझे सासरे ऑर्विल पहिल्यांदाच मला रानटर्की पक्ष्याच्या शिकारीला नेत होते, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने वाळवलेलं मांस नाकारणारा जावई आमच्या अमेरिकेतल्या ओझार्कच्या डोंगरांत अजून जन्मायचा आहे. (मी कौंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, कचेरीत गाड्यांची नोंदणी करतो. सासऱ्यांच्या लेखी ते काम नव्हे, आजारपण.)

अडचण माझ्या जबड्याची होती. गेले चार महिने घास चावला की डाव्या कानाजवळ कट् असा आवाज यायचा आणि कळ निघायची. कडक खाऊ नका, तोंड फार उघडू नका, असं दातांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. "बाबांना सांगून टाक," असं बायको, नोरीन, दोनदा म्हणाली. मी सांगितलं नाही. इतक्या वर्षांनी आलेलं बोलावणं मला जबड्यापायी घालवायचं नव्हतं.

उजाडताना आम्ही एका ओकच्या झाडाला पाठ लावून बसलो. हलायचं नाही, बोलायचं नाही. सासऱ्यांनी देवदाराची डबी काढून तिच्यावर झाकण घासलं. त्यातून टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो आणि नर भुलून येतो. आज कुणी भुलेना. मी पट्टी चावली.

कट्.

सासऱ्यांनी असं पाहिलं की पुढची अकरा वर्षंही घरीच काढायची हे मला कळलं. घाबरून मी घास संपवायला गेलो. कट्, कट्. आणि समोरच्या टेकडीवरून नराची गडगडती साद आली.

सासऱ्यांनी डबी हळूच खाली ठेवली. "पुन्हा चाव," ते कुजबुजले.

मी चावत राहिलो. कानशिलात कळा येत होत्या, साद जवळ येत होती. मग झुडपांतून तो आला. पिसारा पुरता फुललेला, पंखांची टोकं पाचोळ्यात घासत, कोवळ्या उन्हात अंगावर तांब्याची झळाळी. सहा पावलांवर थांबून तो माझ्याकडे पाहू लागला. इतकं देखणं काही माझ्याकडे आजवर आपणहून चालत आलेलं नाही. (नोरीनलाही लग्नाचं मी तीनदा विचारलं होतं.) मी तोंडाचा आ वासला, आणि जबडा तसाच अडकला.

सासऱ्यांची बंदूक मांडीवरच राहिली. तेही भान हरपून बघत होते. टर्कीने माझ्या तोंडात एकदा नीट पाहिलं, आत मादी नाही याची खात्री केली आणि तो सावकाश निघून गेला.

सासऱ्यांनी दोन्ही अंगठ्यांनी माझा जबडा जागेवर बसवला. "चाळीस वर्षं ही डबी घासतोय," ते म्हणाले. "इतक्या जवळ एकही आला नव्हता. पुढच्या वर्षी तू यायचंसच." माझे डोळे भरून आले, आणि ते नुसत्या कळेमुळे नव्हे.

त्या आनंदात मी नोरीनला सगळं सांगून बसलो. तिने त्याच आठवड्यात मला डॉक्टरांपुढे उभं केलं. झोपताना दातांवर घालायची प्लास्टिकची पट्टी आणि सकाळ-संध्याकाळ जबड्याचा व्यायाम, असे आठ महिने गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये सासरे दारात आले. मी कपडे करून तयारच होतो. त्यांनी मांसाची पट्टी पुढे केली. "चाव."

मी चावली. पुन्हा चावली. कट् काही येईना.

सासरे नोरीनकडे वळले. "पोरी, तो डॉक्टर होतं तसं परत करून देतो का गं?"

ती नाही म्हणाली. मग त्यांनी माझ्या हातातली उरलेली पट्टी काढून घेतली, खिशात घातली आणि एकटेच शिकारीला गेले.