गोगटे सरांची जोडशाळा

बंटी निळा पडत होता आणि टेपमधनं गोगटे सर म्हणाले, "शाब्बास, ताई!"

मी डोळे मिटून बसलेली. सरच सांगायचे, डोळे मिटून उत्तर द्या, डोक्यात राहतं. उघडले तर माझं पोर चटईवर, तोंड वासलेलं, आवाज नाही. आणि माझं खोडरबर गायब. मी नुसती किंचाळले, दुसरं काय सुचलंच नाही. सासूबाई धावत आल्या, त्याला तंगडीला धरून उलटा केला, पाठीत धपाधप घातले, तेव्हा कुठे रबर बाहेर पडलं. पोर रडायला लागलं. आणि सर म्हणाले, "बघा! सोपं होतं की नाही?"

"तुझी शाळा पोराला खाणार होती," सासूबाई म्हणाल्या. माझा हात धरून बंटीच्या डोक्यावर ठेवला. "बोल, आजपासून बंद."

मी बोलले. बंद.

मला सातवीतनं काढलेली, लग्न होऊन डोंबिवलीला आले. दहावी झाली तर बालवाडीत लागता येतं, चार लोकांत बाई म्हणून उभं राहता येतं, म्हणून सरांकडे गेलेली. सर रिटायर मास्तर. आमच्यासारख्या बायकांना बाहेरून दहावीला बसवायचे. त्यांची आपली एक जोडशाळा. "अर्धी शाळा वर्गात, अर्धी घरात. कॅसेटला नसतात का दोन बाजू?" म्हणजे रविवारी वर्ग, आणि बाकी आठवडा त्यांची कॅसेट ऐकायची. कॅसेटमध्ये सर प्रश्न विचारणार, थांबणार, आणि शाब्बास म्हणणार. तुम्ही काय पण सांगा. मी एकदा मुद्दाम सांगितलं, भारताची राजधानी आमची डोंबिवली. "शाब्बास, ताई!"

या माणसाला कशाचं वाईट दिसायचंच नाही. लाइट गेली? "फायदाच! मनात उजळणी होते." सेल उतरून आवाज रेड्यासारखा आला? "फायदाच! सावकाश ऐकलेलं पक्कं बसतं." वर्गातल्या मंदाने त्यांच्या भूगोलाच्या कॅसेटवर सिनेमाची गाणी भरली आणि चुकून तीच कॅसेट परत दिली. सर खूश. "म्हणजे कॅसेट वापरात आहे!" मार्चला मी गणितात उडाले. एवढ्या शाब्बासक्या गेल्या कुठे? "फायदाच, ताई. ऑक्टोबरला गणित एकटंच, आरामात." घरात टोमणे कोण खाणार होतं, सर?

एकेक बाई गळाली. शेवटी रविवारी मी एकटीच. सर रिकाम्या सतरंजीकडे बघून म्हणतात, "बाकीच्या घरी शिकतायत. हेच तर पाहिजे होतं आपल्याला!"

आणि एक खोड. धडा संपला की कॅसेटमध्ये विचारायचे, "जेवलात का, ताई?" आणि थांबायचे. बाकी प्रश्नांपेक्षा जास्तच थांबायचे. नुसती खरखर. मी तिथेच बटण दाबून टेप बंद करायची. त्याचे काय मार्क मिळणार?

तर त्या दिवशी टेपमधली कॅसेट काढली, बंटीला कडेवर घेतलं आणि तशीच सरांच्या घरी निघाले. रस्ताभर पाठ करत गेले, कॅसेट तोंडावर फेकीन, म्हणेन, घ्या तुमची जोडशाळा, माझं पोर मेलं असतं आणि तुम्ही शाब्बास म्हणत होतात!

दार नुसतं लोटलेलं. आत सर खाटेवर, पुढ्यात टेप, लाल बटण दाबलेलं. समोर एक रिकामी खुर्ची. माझीच पुढची कॅसेट भरत होते.

"त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज किती, ताई?" कानाला हात लावून खुर्चीकडे वाकले. ऐकलं. खरंच कोणी बोलल्यासारखी मान डोलावली. "शाब्बास, ताई!"

मागे ओट्यावर एकच ताट, झाकलेलं.

"जेवलात का, ताई?"

आणि थांबले. हात कानाला तसाच. कॅसेट फिरतेय. खुर्ची काय बोलणार?

माझ्या तोंडात शिव्या तयार, कडेवर बंटी, त्याच्या डोक्यावर घेतलेली शपथ. सर अजून वाकलेलेच.

तुम्ही सांगा, तुम्ही काय केलं असतं?