हौसाकाकींची बारमाही सून

हौसाकाकी कुणाच्याही घरी गेल्या तरी आधी उंबऱ्याबाहेर थांबतात. हात चौकटीजवळ नेतात, पण बोट लाकडाला लागू देत नाहीत. मग आतल्या बाईला विचारतात, "काय गं, बाहेरची न्हाईस न्हवं?" बाई नाही म्हणाली की आत येतात. हो म्हणाली की तिथूनच माघारी, चहासुद्धा नको. घरात पुरुष बसलेले असोत, मुलगी बघायला आलेले पाहुणे असोत, त्यांना फरक पडत नाही. कुणी तोंड वाकडं केलंच तर म्हणतात, "मी आपलं इचारलं."

आमचं गाव साताऱ्याजवळ, घाटाच्या पायथ्याला. काकींचं घर माझ्या दारासमोर, मध्ये एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. त्यामुळे मला काकी रोज दिसतात आणि दिसल्या नाहीत तरी ऐकू येतात.

एकदा आम्ही एसटीने देवदर्शनाहून येत होतो. कंडक्टर बाई होती. तिने तिकिटाला हात पुढे केला तशी काकींनी पिशवी पोटाशी धरली. "बाई, पिशवीत परसाद हाय. तुमी बाहेरच्या न्हाई न्हवं?" सगळ्या गाडीच्या माना वळल्या. मी खिडकीबाहेर बघायला लागले. कंडक्टर बाई म्हणाली, "मावशी, गाडीत मी फक्त कंडक्टर असते. सुट्टे द्या." काकींनी सुट्टे दिले. पण शंका नको म्हणून प्रसादाची पिशवी खिडकीबाहेर धरून त्या साताऱ्यापर्यंत आल्या. हात भरून आला तेव्हा अर्धा रस्ता मी धरली.

त्यांच्या घराला गल्लीच्या बाजूने एक उघडी पडवी आहे. तिथे एक चटई, एक तांब्या आणि एक ताट कायम असतं. ते बाहेर बसणाऱ्या बाईचं. पाहुणी आली आणि तिची अडचण निघाली तर तिचीही सोय तिथेच. काकींच्या बहिणीची मुलगी पुण्यात कंपनीत आहे. ती सुट्टीला आली आणि दुसऱ्याच दिवशी पडवीत गेली. तिने तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन ऑफिसचं काम केलं. जाताना म्हणाली, "मावशी, घरात नाही पण पडवीत रेंज फार छान येते." टोमणा होता की काय, मला कळलं नाही. काकींनी मात्र तो मान समजून घेतला. पुढे त्या सांगायच्या, "आमच्या पडवीत रेंज बी येती."

काकींना एकच मुलगा, संदीप. तो फौजेत आहे. त्याच्यासाठी त्यांनी आटपाडीकडची अश्विनी सून करून आणली. अश्विनी शाळेत असल्यापासून पळायची. लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिला बक्षिसं होती. लग्नानंतरही ती पहाटे उठून घाट चढून पळत यायची. काकींनी पहिल्या आठवड्यात मला विचारलं, "मंगल, सून पळती म्हंजे काय गं? कुनाच्या मागं?" मी म्हटलं, "कुणाच्या मागं नाही काकी, सगळ्यांच्या पुढं." ते त्यांना पटलं.

तीन-चार महिने झाले तरी अश्विनी एकदाही पडवीत बसली नाही. काकींना वाटलं, गोड बातमी आहे. बातमी नव्हती. मग त्यांनी सरळ विचारलं. इकडे सुना सासूला आत्या म्हणतात. अश्विनी म्हणाली, "आत्या, मला येतच न्हाई. पळनं वाढलं तशी बंद झाली. पळनाऱ्या लय पोरींचं असंच हाय. कटकट न्हाई ती."

दुसरी सासू घाबरली असती. काकींनी देवापुढे साखर ठेवली. मूल आणि पाळी यांचा संबंध त्यांना कळत नव्हता असं नाही. पण संदीप वर्षातून दोनदा सुट्टीवर यायचा, तेव्हा मूल काय, होईल सावकाश, असं त्या म्हणायच्या. आत्ता मात्र घरात अशी सून होती की जिला कधीच काही विचारावं लागत नव्हतं.

मग काकी सुनेला आळीत पाठवू लागल्या. लोणचं घालायचं असो, पापड-कुरडया असोत, नवरात्राचे घट असोत, काकी स्वतःहून सांगायच्या, "आमच्या अश्विनीला न्या. तिला इचारायचं कामच न्हाई. बारमाही हाय." पुढे हसून म्हणायच्या, "म्हायेरच्या हिरीला बारमाही पानी न्हाई, पन पोरगी बारमाही निघाली." अश्विनी कैरीच्या दिवसांत या घरातून त्या घरात जायची. हाताला सारखा मोहरीचा वास. माझ्याकडेही तिने लोणचं घातलं. मिठाचा अंदाज चांगला होता तिचा. पण जेवायला बसवलं तर अर्धी भाकरी, भात नको, तूप तर नकोच. म्हणाली, "काकू, वजन उतरलं की घाट हलका लागतो." तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावलं असतं. मला तेव्हा बोलावंसं वाटलं, पण मी आधीच कमी बोलते, आणि ती शर्यती जिंकत होती.

लग्नाला दोन-तीन वर्षं झाली. एका हिवाळ्यात अश्विनीची नडगी दुखायला लागली आणि दुखतच राहिली. हाडाच्या डॉक्टरांनी फोटो काढला. हाडाला केसाएवढी चीर होती. पडली नाही, लागलं नाही, तरी चीर. त्यांनी तिला दोन-चार प्रश्न विचारले आणि साताऱ्यातच बायकांच्या डॉक्टरकडे पाठवलं. काकींनी मला सोबत घेतलं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शेवटची पाळी कधी आली होती?"

अश्विनी खाली बघायला लागली. काकी खुर्चीत पुढे सरकल्या. "तिला येतच न्हाई, म्याडम. लगीन झाल्यापासनं एकदा बी न्हाई. देवीची किरपा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ही कृपा नाही, मावशी. हा उपास आहे."

"उपास? तिला वार न्हाई, एकादस न्हाई. घरात उपास धरनारी मी."

"बरं, मला सांगा. घरात धान्य कमी पडलं तर तुम्ही आधी काय बंद करता?"

"पावनंरावळं," काकी लगेच म्हणाल्या.

"तसंच झालंय. ही पळते खूप आणि खाते थोडं. मग शरीर म्हणतं, आहे तेवढ्यात काळीज चालू दे, पाय चालू देत. पाहुण्याचं नंतर बघू. म्हणून पाळी बंद. पाळी बंद तर बीज नाही, आणि बीज नाही तर मूल कसं राहणार? हाडंसुद्धा त्यातच ठिसूळ होतात."

काकी खुर्चीत आणखी पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "म्याडम, गोळी द्या. गोळीनं येती म्हनत्यात."

"येईल. पण ती उसनी पाळी. गोळी थांबली की थांबेल. खरी यायला खाणं वाढवायचं, पळणं सोडायचं, झोप घ्यायची. काही महिने जातील. आधी दुसरं काही कारण नाही ना, ते तपासून घेऊ."

"पळनं कायमचं सोडायचं?" अश्विनीने पहिल्यांदा तोंड उघडलं.

"मूल हवंय का तुला?"

"पायजे. पन पळनं बी पायजे." तिचे डोळे भरले होते. "मला दोन्ही पायजे."

"दोन्ही मिळू शकतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आधी खा. पळणं कुठे पळून जात नाही."

रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. दुसरं काही निघालं नाही. परतताना गाडीत कंडक्टर बाईच होती. काकींनी मुकाट पैसे दिले. तिला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा प्रश्न उलटा झाला. पहाटे नळाला पाणी आलं की सगळी आळी घागरी घेऊन बाहेर असते. काकी पडवीतून ओरडायच्या, "अश्विने, आली का?" पुरुष घागरी अर्ध्या भरून निघून जायला लागले. आळीतल्या बायका सांगतात की तेव्हापासून नळावर भांडणं कमी झाली.

मग खाणं. शेंगदाण्याचे लाडू, तूप, दूध, भाताचा डोंगर. "बसून खा, हुबी राहून खा, पन खा." डॉक्टरीणबाईंनी अंडी सांगितली होती. काकींच्या घरात अंड्याचं नाव काढायची सोय नाही. शेवटी अंडी माझ्या चुलीवर उकडायचं ठरलं. अश्विनी माझ्याकडे बसून खायची आणि काकी आमच्या दारात पाठ करून उभ्या राहायच्या. "दोन खाल्ली का गं? मी बघत न्हाई हां."

नडगी भरत आली तसं थोडं चालायला परवानगी मिळाली. काकी सोबत निघायच्या, सोबत म्हणजे पुढे. एक हात गुडघ्यावर, पायात टायरच्या चपला, आणि मागे सून. "माझ्या म्होरं जायचं न्हाई." पोलीस भरतीची पोरं घाटात पळत असायची. त्यातल्या एकाने विचारलं, "काकी, शर्यत लागलीया व्हय?" काकी म्हणाल्या, "व्हय. पयली मीच येनार."

अश्विनीला ते दिवस जड गेले. गाल भरले, तशी तिला तिचीच भीती वाटायला लागली. पळणाऱ्या मैत्रिणींचे फोन तिने उचलायचे बंद केले. एका सकाळी ती सासूला न सांगता घाटात पळायला गेली. परत आली तर पहिल्या वळणावर दगडावर काकी बसलेल्या. अश्विनी मला नंतर सांगत होती, "मला वाटलं, आता गावभर तमाशा." पण काकींनी पदराखालून डबा काढला. "पळालीस तेवढं खा." चार लाडू संपेपर्यंत दोघी तिथे बसून होत्या. त्यानंतर तिने चोरून पळणं सोडलं. म्हणाली, एवढे लाडू खाण्यापेक्षा न पळालेलं परवडलं.

महिने गेले तरी पडवी रिकामीच. आळीतली शालन एकदा काकींना म्हणाली, "किती दिस वाट बगायची? संदीपसाठी दुसरी बगा की."

काकी शेणी थापत होत्या. "शालन, तुझी म्हस दोन वरीस गाभ राहिली न्हाई. तवा तू म्हस बदललीस का खुराक?"

"खुराक."

"मग हो बाजूला. उनात उभी ऱ्हाऊ नगंस."

संदीपलाही त्यांनी फोनवर हुकूम दिला. "आत्ता सुट्टी मागू नगंस. मी सांगीन तवा ये. सायबाला म्हनावं, आईची आर्डर हाय." पलीकडून तो काय म्हणाला ते कळलं नाही. काकींनी फोन ठेवला आणि बराच वेळ पदराने तोच पुसत बसल्या.

मग गौरी आल्या. जेवणाच्या दिवशी काकींच्या घरात बायकांची गर्दी. पुरण अश्विनीने शिजवलेलं, गौरींना साड्या तिनेच नेसवलेल्या, फराळाचं ताट तिनेच मांडलेलं. नैवेद्याचं ताट हातात घेऊन ती गौरींकडे निघाली आणि मध्येच थांबली. ताट माझ्या हातात दिलं आणि मोरीकडे गेली. आली ती काकींच्या कानाशी लागली.

"नीट बगितलंस?" काकींनी विचारलं.

"व्हय."

"गोळीबिळी घेतली न्हवतीस न्हवं?"

"न्हाई, आत्या. आपली आपन आली."

कुजबुज कुणाला ऐकू जायची राहिली नव्हती. सगळ्या बायका काकींच्या तोंडाकडे बघत होत्या. त्या घरातल्या प्रत्येक भांड्याला, प्रत्येक पोळीला, खुद्द गौरींना सकाळपासून अश्विनीचा हात लागला होता. मला वाटलं, आता सगळा स्वयंपाक गल्लीत जाणार. काकींनी पुरणाच्या पातेल्याकडे पाहिलं, गौरींकडे पाहिलं.

"मंगल, निवद दाखव. हाय तसा."

"आवं पन सगळ्याला शिवलीया ती!" शालन म्हणाली.

"शिवू दे. गवर बी बाईमानूसच हाय."

अश्विनी तोवर आपणहून पडवीत जाऊन चटईवर बसली होती. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच. नैवेद्य दाखवून मी तिचं ताट घेऊन निघाले, तर काकींनी ते माझ्या हातातून घेतलं. दुसऱ्या हातात स्वतःचं ताट होतं, त्यावरच तुपाची वाटी. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागून गेले.

"आत्या, लांबनं वाढा. मला शिवू नका," अश्विनी म्हणाली.

"सरक."

अश्विनी सरकली. काकी तिच्या खांद्याला खांदा लावून चटईवर बसल्या. मी तांब्या ठेवला. परत फिरावं की थांबावं ते मला सुचेना, म्हणून दारातच राहिले.

"संदीप व्हायच्या आदी लय वर्सं मी हितं बसलीया," काकी म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच होता, फक्त बारीक. "दर म्हयन्याला. गल्लीतनं जानारी बाई बगायची आन तिला कळायचं, अजून बी हिचं रिकामंच. मी भिंतीकडं तोंड करून बसायची. तू आलीस आन कवा बसलीच न्हाईस. तवा मला वाटलं, चला, हिच्याकडं तरी कुनी तसं बगनार न्हाई. म्हनून मी गप ऱ्हायले."

अश्विनीने पोळीचा तुकडा मोडला.

आत आरती सुरू झाली. कुणीतरी काकींना हाक मारली. "करा तुमी," त्यांनी तिथूनच सांगितलं. खालच्या आळीतल्या दोघीतिघी हळदीकुंकवाला येत होत्या. पडवीत सासूसुनेला एका चटईवर बसलेलं पाहून त्या थबकल्या. काकींनी अश्विनीच्या पोळीवर तूप ओतलं, आणि दोघी गल्लीकडे तोंड करून जेवत राहिल्या.