हॅसलथ्वेटांचं मूळ

आमच्या बिल्डिंगमध्ये नवं बिऱ्हाड आलं की सामान वर चढायच्या आत हॅसलथ्वेट जिन्यात हजर. हातात गार पाण्याची बाटली, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं मदतीला आलेत. पण नजर सगळी खोक्यांवर मार्करने लिहिलेल्या नावांवर. लिफ्ट बंद, फ्रिज जिन्याच्या वळणावर अडकलेला, नवा भाडेकरू घामाघूम, आणि हे विचारणार, "आडनाव काय म्हणालात? बरं. मूळ कुठलं?"

"ठाण्याचे आम्ही."

"ठाण्याला मूळचं कोणी नसतं भो. त्याच्या आधी?"

पणजोबांचं गाव निघाल्याशिवाय फ्रिज पुढे सरकायचा नाही. मग मात्र स्वतः खांदा लावून तो वरपर्यंत चढवणार.

एरिक हॅसलथ्वेट हे नाव वाचून तुमच्या डोळ्यांसमोर जो गोरा साहेब आला असेल, तो बरोबर तसाच आहे. लालसर गोरा, घारा, उंच. फक्त तोंड उघडलं की भुसावळ. बाप रेल्वेत इंजिन ड्रायव्हर. आजोबाही ड्रायव्हर. आजोबांचे वडील विलायतेहून इंजिनासोबत आले ते परत गेलेच नाहीत. एरिक रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढले, तिथून मस्कतला आले आणि इथे वादी कबीरला जनरेटर दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं. लग्न केलं नाही. "राहून गेलं," एवढंच सांगतात.

आमची पहिली भेट मी कोणाला सांगत नाही, पण आता सांगायला हरकत नाही, कारण त्या भेटीतली बाई आता मला फार लांबची नातेवाईक वाटते. तिने इंग्रजी घेऊन बी.ए. केलं होतं, आणि परदेशात येऊन चार महिने झाले तरी ते वापरायला गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. खाली सिंधी, वर मल्याळी, समोर वसईचे परेरा. सगळीकडे हिंदी. अशात एका सकाळी बेल वाजली आणि दारात साक्षात गोरा साहेब! मी पदर सारखा केला आणि "गुड मॉर्निंग, प्लीज डू कम इन, माय हजबंड हॅज जस्ट लेफ्ट फॉर द ऑफिस" हे एका श्वासात म्हणून टाकलं.

साहेब एक पाऊल मागे सरकला. म्हणाला, "वहिनी, तुमच्या नळाला पाणी येऊ राहिलं का?"

आणि मी काय उत्तर दिलं असेल? "येस, थँक यू." शिक्षण वाया घालवायचं नाही, असा बाणाच होता त्या बाईचा. नंतर कित्येक वर्षं आमचे हे घरी आले की दारातूनच ओरडायचे, "मॅडम, नळाला पाणी येऊ राहिलं का?"

तर आडनावाचं हे वेड एरिकना मुळात नव्हतं. ते लागलं ओमानात, आणि लावलं सलीमने. सलीम म्हणजे वर्कशॉपचा मालक, त्यांचा अर्बाब, इब्रा गावचा. पहिल्याच दिवशी कहवा पिताना त्याने विचारलं, तुझं नाव कळलं, पण तुझी माणसं कोणती? कुठली? एरिक म्हणाले, मला नाही माहीत. सलीमने हातातला कहव्याचा फिंजान खाली ठेवला. "म्हणजे? नाव आहे आणि ते कुठून आलं माहीत नाही?"

मग त्याने एका सुट्टीत एरिकना इब्र्याला नेलं. खजुराची बाग दाखवली, बागेला पाणी देणारा पाट, फलज, दाखवला, जुनी मातीची घरं दाखवली. गल्लीत जो म्हातारा भेटेल तो सलीमच्याच आडनावाचा. दुसऱ्या दिवशी एरिक मला म्हणाले, "वहिनी, सलीमच्या मागे अख्खं इब्रा उभं आहे. माझ्या मागे कोण? भुसावळचं लोकोशेड?"

आणि मग भिंतीवर इंग्लंडचा नकाशा आला. टाचण्या आल्या. जाडजूड पुस्तकं आली.

पहिली बातमी त्यांनी आमच्या स्वयंपाकघरात उभं राहून दिली. "हॅसल म्हणजे हेझलचं झाड. थ्वेट म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा. ते उत्तरेत डोंगरात राहणारे लोक असं म्हणायचे. म्हणजे आमचं आडनाव गावावरून पडलेलं आहे!"

"हात्तिच्या," मी पोळी उलटत म्हटलं, "हे तर आमच्यासारखंच झालं. नेवऱ्याचे ते नेवरेकर, तसे तुम्ही त्या माळावरचे. माळकर!"

मी चेष्टा करत होते. पण हा माणूस इतका खूश झाला की पुढे फोनवरसुद्धा "माळकर बोलतोय" म्हणू लागला. सासरच्या नेवरे गावाचं मी तोवर तोंडही पाहिलेलं नव्हतं, पण त्यांना तिथल्या आंब्यांचं वर्णन ऐकवायला मला काहीच अडचण आली नाही.

हॅसलथ्वेट गावात आता माणसंच राहत नव्हती. दगडी कुंपणं होती आणि मेंढ्या होत्या. पण त्या खोऱ्यात या नावाची मूठभर घरं होती, खाली गिरण्यांच्या गावात काही होती, कारण लोकर विणायला माणसं डोंगरावरून खाली उतरली होती. एखाददुसरं घर बंदराच्या गावी. एवढंच. लंडनला कोणी नाही, स्कॉटलंडला कोणी नाही. एका पंज्याखाली झाकतील एवढ्या टाचण्या आणि खूप लांब, नकाशाच्या बाहेर, भिंतीवरच टोचलेली एक लाल टाचणी. ती स्वतःची.

शुक्रवारी सुट्टी, तेव्हा या घरांना फोन. त्या काळी परदेशी फोन करणं म्हणजे समारंभ असायचा, आणि मी कधीकधी चहाचा कप घेऊन प्रेक्षकांत बसायची. एकदा एका आजीबाईंनी उचलला. छान गप्पा चालल्या होत्या. मध्येच एरिकचा चेहरा पडला, "सॉरी मॅडम" म्हणाले आणि फोन ठेवला.

"काय झालं?"

"लग्नानंतरची हॅसलथ्वेट निघाली."

"मग?"

"मग उपयोग नाही. बायांचं धरायचं नाही, वहिनी. बाई आज या नावाची, उद्या त्या नावाची. एक जरी धरली ना, तर सगळा नकाशा बिघडतो."

आणि इथे मला त्या जुन्या बाईला दोन चिमटे काढावेसे वाटतात. कारण तिने मान डोलावली. "खरंय," म्हणाली. ही माहेरची शकू जोशी. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव कोरून तिची वसुधा नेवरेकर करण्यात आली होती, आणि पहिल्या वर्षी तिने वहीची पानंच्या पानं नव्या सह्या करून भरली होती. त्यातल्या "व"ला असा काही झोकदार फाटा, की बघत राहावं. शकूचं काय झालं हे विचारायला तिला फुरसत कुठे होती?

वर्षं गेली आणि टाचण्या कमी होऊ लागल्या. एखादा म्हातारा गेला, त्याला मुलीच होत्या. दुसऱ्याने लग्नच केलं नाही. टाचणी निघाली की भिंतीला भोक राहायचं. एरिक ते बुजवत नसत. एकदा कोणीतरी सांगितलं, इथल्या सूर बंदरात लाकडी जहाजं बांधतात तिथे एक इंग्रज येऊन राहिलाय, नाव हॅसल की काहीतरी. भर ऑगस्टमध्ये आमच्या ह्यांना गाडी काढायला लावली. मागच्या सीटवर मी दशम्यांचा डबा घेऊन. सूरच्या किनाऱ्यावर तो माणूस सापडला, एका अर्धवट जहाजाच्या सावलीत चित्र काढत बसला होता. नाव निघालं हेझलवुड.

आमचे हे समुद्राकडे बघत राहिले. एरिकनी त्या गोऱ्याचा हात बराच वेळ धरून ठेवला. परतताना म्हणाले, "झाड तेच आहे, वहिनी." मी हसू दाबण्यासाठी दशमी खाल्ली.

आता हे नाहीत. मी मुलाकडे त्याच बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर आहे. एरिक अजून खालीच. सलीमही म्हातारा झाला, तो म्हणतो एरिक गेला तर वर्कशॉप खलास, म्हणून त्यांचा व्हिसा दर खेपेला होतो. नकाशावर एकच टाचणी उरली होती आणि भिंतीवर ती लाल.

त्या उरलेल्या टाचणीच्या घरात कोण आहे, ते माझ्या मुलाने इंटरनेटवर शोधून काढलं. मिस हॅसलथ्वेट. त्याच खोऱ्यात, मूळ जागेपासून दीड कोसावर. लग्न केलं नाही, म्हणून नाव शाबूत. एरिकचा बायांविषयीचा नियम त्यादिवशी गुपचूप रद्द झाला.

शुक्रवारी दुपारी व्हिडिओ कॉल ठरला. एरिक टाय बांधून वर आले. "वहिनी, तुम्ही बाजूला बसा. मला काय बोलावं सुचलं नाही तर तुमचं इंग्रजी आहे." मीही चांगली साडी नेसले. न जाणो, चाळीस वर्षांपूर्वीचं गिऱ्हाईक आज यायचं असेल.

पडद्यावर एक बारीकशी म्हातारी, मागे खिडकी, खिडकीत हिरवा डोंगर. बाई गोड होती. एरिकनी वडिलांचं नाव सांगितलं, आजोबांचं, त्यांच्या वडिलांचं. ती उठून आत गेली, घरातलं जुनं बायबल घेऊन आली आणि पहिल्या पानावर बोट ठेवून म्हणाली, हा इथे आहे. हिंदुस्थानात गेला आणि पुढे काही कळलं नाही, असं आमच्याकडे सांगायचे. म्हणजे तू त्याचा! एरिक रडत होते आणि टायने डोळे पुसत होते. मी माझं इंग्रजी विसरून मराठीतच "बघा, बघा" म्हणत होते.

मग तिने सहज विचारलं, "आणि तुझी आई? ती कुठली? तिची माणसं कोण?"

"मेरी," एरिक म्हणाले.

"मेरी कोण?"

जिन्यात उभं राहून अख्ख्या बिल्डिंगला विचारलेला प्रश्न, आणि एरिकना स्वतःला उत्तर येईना. शेवटी म्हणाले, आवाज तुटतोय, पुन्हा फोन करतो. आवाज अगदी स्वच्छ येत होता. तिच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा ऐकू येत होती.

मी चहा टाकला.

"मेरी हे बाबांनी ठेवलेलं," ते म्हणाले. "त्याच्या आधीचं मला माहीत नाही."

"तुमच्या घारेपणाखाली ही भुसावळी मराठी आहे, ती आईचीच ना? मग तिथलीच कुठली तरी असणार."

"असेल. आसपासचीच असेल. तिच्याकडचं कोणी यायचं नाही. ती कुठे जायची नाही. बाबांनी सांगितलं होतं, तो विषय काढायचा नाही. बाबा गेल्यावर ती पुष्कळ वर्षं होती, वहिनी. मी सुट्टीला जायचो. तिच्यासमोर बसून इंग्लंडचा नकाशा उलगडून दाखवायचो. हे बघ आपलं गाव, म्हणायचो. ती बघायची. छान आहे म्हणायची."

माझं नाव बदललं, पण माझी आई शेवटपर्यंत मला शकूच म्हणायची. मी म्हटलं, "त्यांना जुन्या नावाने कोणीच हाक मारत नव्हतं?"

"कोण मारणार?" मग जरा थांबून म्हणाले, "एक गंमत होती तिची. उन्हाळ्यात एक दिवस असायचा. बाबा लाइनवर गेले की ती पेटीतून नवं लुगडं काढायची, एरवी घरात फ्रॉक घालायची. क्वार्टरच्या मागे कडुनिंब होता, त्याला दोर बांधायची आणि झोका घ्यायची. एकटीच. गाणं म्हणायची. बाबा यायच्या आत सगळं आवरून ठेवायची. मला वाटायचं, आपली आई जरा वेडी आहे."

माझी थोरली नणंद जळगावला दिलेली. लग्नानंतर मी पुण्यात होते तेव्हा दरवर्षी त्या दिवशी ती आमच्याकडे हजर व्हायची आणि माझ्याकडून सांजोऱ्या करून घ्यायची.

"माळकर," मी म्हटलं, "ती आखाजी. अक्षय तृतीया. तुमच्या खानदेशात त्या दिवशी लेकी माहेरी येतात. भाऊ न्यायला येतो. झोके बांधतात, गाणी म्हणतात. तो माहेरचा सण आहे."

"माहेरचा," ते म्हणाले.

"हो."

खालून कुठल्यातरी गाडीचा हॉर्न ऐकू आला. एरिकनी टाय सोडली, घडी घातली, गुडघ्यावर ठेवली.

"झोका मीच द्यायचो, वहिनी. जोर लावून. मी थांबलो की ती म्हणायची, अजून वर दे रे बाबू, अजून वर, दिसू दे मले." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय दिसू दे, ते मी एकदाही विचारलं नाही."