हात लावायचा नाही

काकांना तीन अटी घालण्यात आल्या होत्या. कुठे थांबायचं नाही, कुणाला काही विचारायचं नाही आणि कशालाही हात लावायचा नाही. निघायच्या आदल्या दिवशी शिवणयंत्रावर शेवटची शिलाई मारता मारता मावशींनी नवऱ्याला त्या ऐकवल्या आणि काकांनी मुकाट्याने कबूल केल्या. करतात काय बिचारे, त्यांची बाजूच लंगडी होती. एकतीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करून हा माणूस निवृत्त झाला, पण कान अजून कामावरच होते. कुठे काही कुरकुरलं, खडखडलं, की यांचे पाय जागच्या जागी थिजायचे. एकदा बसच्या दाराची फुसफूस ऐकत ते स्टँडवर उभे राहिले आणि बस त्या फुसफुसणाऱ्या दारासकट निघून गेली. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात ते हॉलपर्यंत वेळेवर पोचले होते, आत शिरले तेव्हा मात्र खुर्च्या उचलणं चाललं होतं. मधला वेळ कुठे गेला हे हॉलच्या लिफ्टवाल्याला विचारावं.

या वेळी मात्र तसलं काही चालणार नव्हतं. मावशींच्या बहिणीच्या मुलीचं लग्न होतं, दुपारी चार वाजता, नोंदणी कार्यालयात. आणि नवरीचा पोशाख होता मावशींच्या हातात. तीन महिने खपून, डोळे फोडून, बाह्यांवरची नक्षी हाताने भरून त्यांनी तो शिवला होता. भाचीने साफ सांगून टाकलं होतं की घालीन तर मावशीनं शिवलेलाच, दुसरा मी घेतलेलाच नाही. सामानात टाकला आणि सामान भलतीकडेच गेलं तर? म्हणून मावशींनी तो दोन्ही हातांवर आडवा, झोपलेलं तान्हं मूल न्यावं तसा घेतला होता. थेट विमान मिळालं नव्हतं. मध्ये उतरून दुसरं पकडायचं होतं आणि दोन्हींमध्ये होती पंचावन्न मिनिटं. पहिलं विमान वीस मिनिटं उशिरा उतरलं.

उरलेल्या पस्तीस मिनिटांत मावशी सुसाट सुटल्या. मागे दोन पिशव्या घेऊन काका. विमानतळ कसला, एक गावच होतं ते, आणि सगळं गाव यांच्याच वाटेत आडवं उभं होतं. काकांच्या जिवाची काय तगमग चालली होती ते त्यांनाच ठाऊक. जमीन आपोआप पुढे सरकत होती. तिचा पट्टा टोकाला जाऊन कुठे वळतो? हात पुढे केला की नळ सुरू होत होता. त्याला हात दिसतो की हाताची ऊब लागते? रबरी पडद्यामागे बॅगा गडप होत होत्या. पलीकडे कोण असतं? प्रश्न गिळून गिळून त्यांचा घसा दुखायला आला, पण दिलेला शब्द त्यांनी पाळला. वाटेत एका मोठ्या फलकासमोर ते जरासे अडखळले तेव्हा मावशींनी नुसतं वळून बघितलं. काका पुढे चालू लागले.

गेट नंबर चौदा गाठलं तेव्हा तिथे चिटपाखरू नव्हतं. खुर्च्या पुसणाऱ्या बाईने सांगितलं की ते विमान आता एकसष्ट नंबरवरून जाणार, मघाशीच बदललं, फलकावर लिहिलंय की.

मावशी सावकाश नवऱ्याकडे वळल्या. "तुम्ही मघाशी फलकाकडे बघत होतात."

"हो."

"त्यावर एकसष्ट लिहिलं होतं?"

"हो."

"मग तोंडात काय गुळणी धरली होती?"

"थांबायचं नाही म्हणाली होतीस," काका म्हणाले. "थांबल्याशिवाय सांगणार कसं?"

यावर बोलायला वेळ असता तर मावशी बोलल्या असत्या, आणि चांगल्या तासभर बोलल्या असत्या. वेळ नव्हता. त्यांनी उभ्या उभ्या अटींत दुरुस्ती केली. फलकांबद्दल बोलायचं. यंत्रांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. काकांनी मान हलवली.

एकसष्ट नंबर दोन मजले वर, अगदी दुसऱ्या टोकाला होता. सरकत्या जिन्यावर माणसांची रेटारेटी चाललेली. पोशाख चुरगळेल म्हणून मावशी तिथे शिरायला तयार नव्हत्या. कोपऱ्यातली लिफ्ट मात्र मोकळी होती. दार उघडलं, आणि ते उघडताना जो आवाज आला त्यासरशी काकांची मान कोंबड्यासारखी तिरकी झाली. ते दाराच्या खाचेकडे बघायला लागले. मावशींचे डोळे मोठे झाले. काका निमूटपणे आत आले. पाठोपाठ खांद्यावर चार सोनेरी पट्ट्या असलेले एक गृहस्थ धावत आत शिरले आणि दार बंद झालं.

दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट थांबली.

मावशींनी कोपरानेच सगळी बटणं दाबून बघितली. पट्ट्यावाल्यांनी घंटेचं बटण दाबलं. भिंतीतून एक शांत आवाज आला, माणूस पाठवतो, अर्धा तास लागेल, धीर धरा. काका पिशव्या खाली ठेवून, हाताची घडी घालून, छताकडे बघत उभे होते.

"तुम्हाला कळलं होतं," मावशी म्हणाल्या.

काकांनी पिशव्या पायानेच कडेला सारल्या.

"आत शिरतानाच कळलं होतं."

"यंत्रांबद्दल अवाक्षर काढायचं नाही असं ठरलंय."

मावशींच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिकडे पोरगी घरच्या कपड्यांवर वाट बघत बसलेली, इकडे पोशाख हवेत लोंबकळतोय, आणि विमान सुटायला अठरा मिनिटं. त्यांनी ते सगळं त्या पट्ट्यावाल्यांना बोलून दाखवलं. सांगायला दुसरं होतंच कोण? गृहस्थांनी कपाळाचा घाम पुसला आणि विचारलं, कोणतं विमान? एकसष्ट नंबरचं म्हटल्यावर ते ओशाळून म्हणाले, की त्याचा कॅप्टन मीच. त्यांचं आधीचं विमानही उशिरा आलं होतं आणि तेही असेच धावत निघाले होते.

मावशींनी खांद्याला डोळे पुसले. विमान चालवणारा माणूस इथे असेपर्यंत विमान कुठे जाणार! जीव भांड्यात पडला. कोपऱ्यात टेकून त्या जरा निवांत उभ्या राहिल्या, आणि निवांतपणा आला की माणसाला नाही नाही ते सुचतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "पण झालंय काय हिला?"

काकांना आधी खरंच वाटेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा प्रश्न त्यांना घरात कधी कुणी विचारला नव्हता. "सांगू?"

"सांगा."

मग काकांनी सांगितलं. दाराच्या खालच्या कडेला एक तुकडा असतो, मिस्त्री लोक त्याला बूट म्हणतात. तो खाचेतून सरकतो. या दाराचा बूट झिजलाय. म्हणून लिफ्ट चालू असताना दार हलतं, केसभर उघडतं. दार उघडं असलं की ती चालत नाही, थांबते. भली आहे बिचारी, माणसांना जपते. मावशींनी विचारलं, म्हणजे माझ्या मशीनची बॉबिन नीट बसली नाही की शिलाई अडते, तसं? अगदी तसं, काका म्हणाले, आणि त्यांना इतका आनंद झाला की तो लपवताही येईना. मग तो झिजतो कशानं? खाचेतल्या वाळूनं. मग रोज झाडत का नाहीत? कॅप्टनही जवळ सरकले. दोरी तुटली तर काय होतं, असं त्यांनी दोनदा विचारलं. आकाशात रोज हजारो फूट वर जाणारा हा माणूस दीड मजल्यावर पांढराफटक पडला होता. दोऱ्या पाच असतात आणि एकीवरसुद्धा भागतं, हे ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला. अशी दहा-बारा मिनिटं मोठ्या मजेत गेली.

"मग आता तो माणूस येऊन काय करणार?" मावशींनी विचारलं.

"काही नाही. दार तळहातानं दाबून धरेल. लगेच चालू होईल."

मावशींनी आणि कॅप्टननी एकदमच दाराकडे बघितलं.

"एवढंच?" कॅप्टन म्हणाले.

"एवढंच."

"मग तुम्ही का नाही दाबलं?" मावशींनी विचारलं, पण उत्तर त्यांना विचारता विचारताच कळलं असावं, कारण शेवटी शेवटी त्यांचा आवाज खाली गेला.

"हात लावायचा नाही असं ठरलंय ना," काका म्हणाले.

मावशी पोशाखासकट बाजूला सरकल्या. "लावा," त्या म्हणाल्या.

काकांनी तळहात दारावर ठेवून दाबला, कॅप्टनना बटण दाबायला सांगितलं, आणि लिफ्ट सरळ वर गेली. दार उघडताच कॅप्टन धावत सुटले. काकांनी पिशव्या उचलल्या आणि तेही दहा-वीस पावलं धावले. मग त्यांच्या लक्षात आलं की आपल्या पुढे कुणीच नाही.

मावशी लिफ्टच्या दारात वाकून खाचेत बघत होत्या. आत शिरायला आलेल्या चार-पाच जणांना त्यांनी कोपरानेच अडवून धरलं होतं, कारण हातांवर पोशाख होता, आणि झिजलेला बूट कुठे असतो ते त्या सगळ्यांना हनुवटीने दाखवत होत्या. वरून घोषणा झाली, एकसष्ट नंबरच्या विमानाचे उरलेले दोन प्रवासी, ही शेवटची सूचना. काका म्हणाले, चल गं. मावशी म्हणाल्या, एक मिनिट, या लोकांना वाऱ्यावर सोडू का? विमानतळाचा माणूस आला, त्याने लिफ्ट बंद केली, वाळूचं त्याला नीट समजल्याची मावशींनी खात्री करून घेतली, तेव्हा कुठे त्या हलल्या. गेटवरची मुलगी दार लावतच होती. कॅप्टननी निरोप ठेवला होता म्हणून ती थांबली, नाहीतर संपलंच होतं.

चाराला दहा कमी असताना दोघं नोंदणी कार्यालयात पोचले. आतल्या खोलीत नवरी रडकुंडीला येऊन बसली होती. मावशींना बघताच ती उठली आणि दोन्ही हात पुढे करून म्हणाली, किती उशीर गं मावशी.

"अगं, झालं काय," मावशी म्हणाल्या आणि पोशाखासकट खुर्चीवर टेकल्या. "लिफ्टच्या दाराला खालच्या बाजूला एक तुकडा असतो."

बाहेर कारकुनाने नवरा-नवरीच्या नावाचा पुकारा केला. मावशी वाळूपर्यंत आल्या होत्या. पुकारा पुन्हा झाला. काकांनी दारातून आत डोकावून घड्याळ दाखवलं. "अगं, ते नंतर सांग. आधी पोरीला कपडे तर बदलू दे."

"थांबा हो," मावशी म्हणाल्या. "दार का हलतं तेच कळलेलं नाही तिला अजून."